शेवटबाई आणि पुलांचा गेम

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना बाई मासिकाच्या कचेरीत शिरत, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवत आणि खाली बसायच्या आधी दोन्ही कन्सोल सुरू करत. खेळायला नव्हे. कोणी कुठला गेम किती तास खेळला हे यंत्र मोजून ठेवतं, ते बघायला. मग भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर निळ्या पेनाने त्या ते तास उतरवून काढत. ज्याने तीन तास खेळून दीड पानाचं परीक्षण लिहिलं असेल, त्याच्या नावापुढे नुसता तीनचा आकडा असे. शेरा नसे. लोक डबा खाताना फळ्याकडे पाठ करून बसत.

बाई व्हिडिओ गेमच्या त्या मासिकात मुद्रितं तपासायला म्हणून लागल्या होत्या. गेमशी त्यांचा संबंध नव्हता. एकदा एका परीक्षणात राजा मेल्याचं लिहिलं होतं आणि पुढच्याच परिच्छेदात त्याचा राज्याभिषेक होता. बाईंनी लेखकाला विचारलं, यातलं कुठलं ठेवू? तो म्हणाला, मी तिथवर गेलोच नाही. बाईंनी कंट्रोलर मागून घेतला. उडी कुठल्या बटणाने मारायची हे समजायला त्यांना दोन दिवस लागले, गेम संपवायला आणखी नऊ. राजा मेला नव्हता, त्याचा राज्याभिषेकही झाला नव्हता. तो राजाच नव्हता. परीक्षण रद्द झालं, लेखकाने सगळ्यांदेखत बाईंना ‘शेवटबाई’ म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. पुढची अकरा वर्षं मासिकात आलेला प्रत्येक महत्त्वाचा गेम बाईंनी पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत स्वतः खेळून पाहिला. जूनच्या अंकातली ‘वर्षातले आतापर्यंतचे सर्वोत्तम दहा’ ही यादी तर त्यांच्या एकाच नियमावर चाले: कचेरीतल्या एकानेही पुरा न केलेला गेम यादीत जायचा नाही. छापताना खाली ‘संपादक मंडळ’ असं येई. बाईंचं नाव कुठेच नसे.

नवा संपादक एकतीस वर्षांचा होता. त्याला बाई आवडत नव्हत्या आणि ते लपवायचे कष्ट तो घेत नसे. बाईही घेत नसत.

यादीच्या आठवड्यातल्या सोमवारी तो टेबलाच्या कडेवर टेकून म्हणाला, “पहिल्या नंबरावर पुलांचा गेम. यावर चर्चा नको.”

“पुरा कोणी केलाय?” बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी फळ्याकडे बघायचं टाळलं. संपादक, एकतीस तास. बाकी दोघे, नऊ आणि सहा.

“मॅडम, चौसष्ट तासांचा गेम आहे. वाचकसुद्धा तिथवर जात नाही.”

“वाचक त्याचा पगार घेत नाही.”

“बरं. मग तुमच्या मते पहिला कुठला?”

“लिफ्टचा.”

दोघे हसले. संपादक हसला नाही; त्याने हसू पुरवून वापरायचं ठरवलेलं दिसत होतं. “तो चार तासांचा? एक म्हातारा लिफ्टमन दिवसभर बटणं दाबतो तो?”

“चारच तासांचा आहे. पण चारही तास भरलेले आहेत.”

“आपण गेमचं मासिक काढतो, मॅडम. निवृत्तांचं नाही.”

“फळ्यावरून तसं वाटत नाही. इथे सगळे दमलेलेच दिसतात.”

मग त्याने अट घातली. शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी छापायला जाईल. तोवर बाईंनी पुलांचा गेम पुरा करायचा. वाईट निघाला, तर त्या म्हणतील त्या जागेवर तो खाली आणेल. पुरा झाला नाही, तर गेम पहिला राहील, फळा भिंतीवरून उतरेल आणि बाईंचा नियमही. पुढच्या वर्षीपासून मतं घ्यायची, यादी लावायची, मोकळं व्हायचं.

“आणि मी?”

“तुम्ही काना-मात्रा बघा. त्यासाठीच घेतलंय ना तुम्हाला?”

बाईंनी तो गेम अजून उघडलाही नव्हता. सोमवारची दुपार, मधले तीन दिवस आणि शुक्रवारची सकाळ, सगळं धरून छत्तीस तास हाताशी होते. चौसष्ट काही केल्या बसत नव्हते. डबा उघडून त्यांनी दोन घास खाल्ले आणि झाकण परत लावलं. मग हात धुऊन आल्या आणि संपादकाने सेव्ह करून ठेवलेला गेम त्यांनी आपल्या नावावर उतरवून घेतला. ‘इथून पुढे चालू ठेवायचा?’ असं पडद्यावर आलं. या प्रश्नाला बाईंनी अकरा वर्षं ‘नाही’ हेच उत्तर दिलं होतं. दुसऱ्याने सुरू केलेला गेम म्हणजे दुसऱ्याचा उष्टा पेला, असं त्या नव्या पोरांना सुनावत. त्यांनी ‘हो’ दाबलं.

एकतिसाव्या तासाला नायक सहाव्या पुलावर उभा होता. खांद्यावर पोतं, खाली करडं पाणी. तो चालायला लागला.

घरी बाई आणि धाकटी बहीण अशा दोघीच राहत. बहीण बाहेरच्या खोलीत शिलाईचं यंत्र टाकून पँटी आखूड करून द्यायची. बुधवारी संध्याकाळी बाई बोटं गरम पाण्यात बुडवून बसल्या होत्या.

“ताई, या वयात लोकांचे गुडघे जातात. तुझे अंगठे जाणार,” बहीण दोरा तोडत म्हणाली.

“तू तुझ्या पँटी बघ.”

“बघतेच आहे. पँट आखूड केली की गिऱ्हाईक घालून तरी जातं. तुझ्या त्या पुलांवरून कोण जाणारे?”

बाईंनी बोटं बाहेर काढून पदराला पुसली.

“एवढे गेम पुरे केलेस. नवऱ्याचा तेवढा दोन वर्षांत अर्धवट सोडलास.”

“अर्धवट नाही सोडला. शेवट तिसऱ्या दिवशीच कळला होता. बाकीचा काळ तुझ्या आईची समजूत काढण्यात गेला.”

“माझ्या एकटीची होती का ती?”

“बाजू घेताना तुझ्या एकटीचीच असायची.”

त्यानंतर बहिणीने यंत्र असं दामटलं की बोलणं शक्यच नव्हतं.

शुक्रवारी साडेअकराला गेम संपला. बाईंनी स्वतः फळ्यावर आपल्या नावापुढे चौसष्ट लिहिलं. यंत्र तेवढेच दाखवत होतं. मग त्यांनी अर्ध्या पानाचा मजकूर संपादकासमोर ठेवला: पहिल्या तीस तासांनंतर गेम पोकळ होतो, तेच पोतं, तेच अकरा पूल, पलीकडच्या काठावर धुक्याशिवाय काही नाही, शेवट येत नाही, रस्ता संपतो. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि वाईट गेमवरचा त्यांचा राग खरा होता.

संपादकाने मजकूर वाचला, फळा वाचला, मग बाईंकडे पाहिलं.

“कितवा?”

“नववा. दहावा त्याहून वाईट आहे म्हणून.”

त्याने शब्द पाळला. लिफ्टचा गेम पहिला छापला गेला. त्या दिवशी बाईंनी चहा दोनदा मागवला आणि कोणालाही विचारला नाही.

अंक निघून आठवडा झाला आणि पत्रं यायला लागली. आधी दहा-बारा, मग रोज तीस-चाळीस. शिव्या तर नेहमीच्याच होत्या. बाई त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मनात दुरुस्त करत पुढे जात. एक पत्र मात्र शांत होतं. लिहिणारी एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करणारी बाई होती. तिने लिहिलं होतं: ‘पलीकडच्या काठावर धुकं आहे असं तुम्ही म्हणता. तिथे अख्खं गाव आहे. बाजार आहे, शाळा आहे, कासारांची आळी आहे. गेमचा निम्मा भाग तिथेच घडतो. तिसऱ्या तासाला एक नावाडीण भेटते. ती बोलते बरंच, कंटाळवाणं बोलते, पण ते ऐकून तिला हो म्हणायचं असतं. तुम्ही बहुतेक नाही म्हणालात. नाही म्हटलं की पुढे पूलच उरतात, आणि गेम तसं सांगत नाही.’

बाईंनी कन्सोल सुरू केला. नायक काय काय ठरवत आला याची एक वही गेममध्येच होती. ती कोणी उघडत नसे. तिसरा तास. नावाडीण. बोलणं: वगळलं. उत्तर: नाही.

त्या पान उघडं ठेवूनच संपादकाच्या खोलीत गेल्या.

“तुम्ही नावाडिणीचं बोलणं वगळलंत.”

“मी सगळ्यांचंच वगळतो. वेळ कोणाला आहे?” पत्रं त्यानेही वाचली होती. “माझी फाईल उघडायला मी सांगितलं होतं?”

“नाही.”

“सुरुवातीपासून खेळायचं, स्वतः खेळायचं. हा नियम कोणाचा?”

“माझा.”

“मग झालं. चार दिवसांत चौसष्ट तास होत नाहीत, मॅडम, एवढं गणित मलाही येतं. मला शुक्रवारीच कळलं होतं.”

“आणि गप्प बसलात.”

“तुम्ही फळ्यावर लिहून काय करत आलात? कोणाला कधी काही बोललात का? नुसता आकडा. मीही नुसता आकडा बघितला.”

बाई खुर्चीवर बसल्या. त्या खोलीत त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

पुढच्या अंकात खुलासा छापायचा ठरला. संपादक म्हणाला, संपादक मंडळाने चूक केली असं लिहिता येणार नाही. ज्यांनी केली त्यांच्या नावाने येईल. कागद पुढे सरकवत त्याने विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय?”

“अकरा वर्षांत लागलं नव्हतं.”

“आता लागतंय.”

त्यांनी लिहून दिलं. खुलासाही त्यांनीच लिहिला, सहा ओळींचा. पाचवी ओळ होती, ‘हा गेम मी दुसऱ्याने सुरू केलेल्या जागेपासून पुढे खेळले.’ संपादकाने ती खोडली.

“ती ठेवा,” बाई म्हणाल्या. “नाव घालू नका, पण ‘दुसऱ्याने’ राहू द्या. नाहीतर वाचकाला वाटेल, मी नावाडिणीला नाही म्हणाले.”

“तुम्ही शेवटपर्यंत गेलात ना त्याच वाटेने? मग तुम्हीच म्हणालात.”

“मी म्हणाले असते तर आधी तिचं ऐकलं असतं.”

“ओळ जाणार.”

ओळ गेली. पाच ओळी छापल्या गेल्या, खाली नाव. मुद्रित बाईंनीच तपासलं आणि त्यात एकही चूक नव्हती. त्याच दिवशी फळा उतरवला गेला. भिंतीवर चार खिळे राहिले आणि मधला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसायला लागला. बाईंनी पंधरा दिवसांची मुदत देऊन राजीनामा दिला. थांबा असं त्यांना कोणी म्हणालं नाही. हिशेबनिसाने मात्र, इतकी वर्षं कोणी म्हणालं नव्हतं तसं, त्यांना नावाने हाक मारली. त्यांना ते आवडलं नाही.

त्या पंधरा दिवसांत बाईंना कोणी काम दिलं नाही. त्यांनी पुलांचा गेम पहिल्यापासून सुरू केला. नावाडीण सत्तावीस मिनिटं बोलत होती. तिच्या भावाची भांडणं, वल्ह्याला लागलेली वाळवी, एका वर्षी पाणी कसं ओसरलंच नाही ते. पोरं मागून जाता-येता म्हणत, “अहो, वगळा की आता, असलेली नोकरीही गेली.” बाई मान न वळवता म्हणत, “तू कुठवर पोचलायस ते बघ. तुझा नऊ तासांवरच मुक्काम आहे.” त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘हो’ दाबलं. नाव पाण्यात सुटली. धुकं विरत गेलं तेव्हा पलीकडे आधी एक धुराची रेघ दिसली, मग तिच्याखालचं छप्पर, मग घाटावर कपडे आपटणारी बाई. बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि ती बाई किती वेळ कपडे आपटते ते बघत राहिल्या.

शेवटच्या दिवशी, एकाहत्तराव्या तासाला गेम संपला. बाई संपादकाच्या टेबलापाशी गेल्या. तो कानाला हेडफोन लावून कुठलासा नवा गेम खेळत होता. त्याने एक कान मोकळा केला.

“चौथा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पुलांचा गेम. नववा नाही, तुमचा पहिलाही नाही. गाव फार चांगलं आहे. शेवटी मात्र घाई केलीय. चौथा.”

“यादी छापून दीड महिना होत आला, मॅडम. आता कोणाला हवंय ते?”

“मला.”

“मग घेऊन जा घरी.”

त्याने हेडफोन पुन्हा कानावर चढवला आणि पडद्याकडे वळला. त्याच्या गेममधला कोणीतरी काहीतरी सांगत होता. त्याने बटण दाबून त्याला गप्प केलं. बाईंनी पर्स खांद्याला लावली, कपातली पेनं आणि डबा पिशवीत भरला. मग त्या वाकून त्याच्या टेबलाखाली शिरल्या. त्याच्यासमोरचा कन्सोल, पडदा आणि पंखा ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालत, तो त्यांनी घरून आणलेला होता. टेबलाखालूनच त्यांनी त्याच्या बुटावर दोनदा टकटक केलं.

“सेव्ह करून घ्या आधी. मग पाय उचला जरा, बोर्ड काढायचाय.”