घरच्यासारखी

"तोंड उघड."

मॅडमनी हातात रबरी मोजे चढवले होते. सांगलीतल्या त्यांच्या वृद्धाश्रमात दुपारची पंगत बसली होती. कुणाच्या तरी नातवाला नोकरी लागली म्हणून पेढे आले होते आणि बॉक्समध्ये पेढे कमी दिसत होते. मी तोंड उघडलं. मॅडमनी दोन बोटं आत घातली. गाल ताणला. जीभ उचलून खाली बघितलं. रबराचा वास घशात उतरला आणि मला उमासा आला.

"नाटकं नकोत," त्या म्हणाल्या. मोजे काढून माझ्याच हातात दिले. "टाकून ये."

आम्हा कामाच्या पोरींना ते मोजे कधी मिळाले नाहीत. म्हाताऱ्यांचे डायपर बदलताना, पाठीच्या चिघळलेल्या जखमा धुताना, ओकारी पुसताना आमचे हात उघडेच. माझ्या तोंडाला हात लावायचा म्हटल्यावर मात्र मोजे निघाले.

पंगतीत चमचे वाजत राहिले.

मी पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. बारावी करून घरी बसले होते. कोरेगावची एक बाई आमच्या वाडीत आली. म्हणाली, "सांगलीला पोरींना नर्सिंगचं शिकवत्यात. ऱ्हाणं-खाणं त्येंच्याकडंच. सर्टिफिकेट बी मिळंल." आई म्हणाली, "बाईमाणूस हाय. फसवंल व्हय?"

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझं आधार कार्ड आणि फोन मागून घेतला. पोलिसांत नोंद करायची असते, म्हणाल्या. परत काही दिलं नाही. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या सकाळी माझा चहाचा कप बाहेर, नळाच्या कठड्यावर ठेवलेला. त्याच आश्रमातली माणसं माझ्या हातचा घास खात होती. माझ्या हातानं ढुंगण धुऊन घेत होती. कप मात्र बाहेर.

गेटला कायम कुलूप. म्हातारी माणसं रस्त्यावर जातात म्हणून, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्या म्हाताऱ्यांतल्या निम्म्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. कुलूप आमच्यासाठी होतं. माझ्यासाठी आणि शबानासाठी. शबाना औंधकडची. तिलाही त्याच कोरेगावच्या बाईनं आणलेलं. आम्ही डायपरच्या खोक्यांच्या खोलीत झोपायचो. ताटात उरलेलं खायचो. कुणीतरी चावून परत टाकलेल्या पोळीचा तुकडा भाजीत सापडला की शबाना तो बाजूला काढायची आणि बाकीचं गिळायची. मीही गिळायची. पगार विचारला की, "खाताय-राहताय ते काय फुकट?"

घरून फोन आला तर मॅडम स्पीकर लावून समोर बसायच्या. मी म्हणायची, "बरी हाय." की कट.

तिथं एक साहेब होते. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. मला 'बाळ' म्हणायचे. त्यांची अंघोळ, दाढी माझ्याकडं. एकदा दाढी करताना मी हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्या फोनवरनं भावाला एक फोन लावू?"

त्यांनी माझ्या गालावर थोपटलं. "असं चोरून काही करू नये, बाळ. इथं तुला घरच्यासारखं ठेवलंय ना?"

आणि मॅडमना बोलावून सगळं सांगितलं. मॅडमनी मला संडासात कोंडलं. दुपारभर. बाहेर साहेबांचा टीव्ही चालू होता. क्रिकेट. दुसऱ्या सकाळी त्यांनी रोजच्यासारखी हनुवटी वर केली. मी दाढी केली. एक ओरखडा उठू दिला नाही.

मग एका सकाळी कोरेगावच्या बाईची जीप गेटसमोर थांबली. नवी पोरगी होती, सोबत तिचा बाप. डोक्याला टोपी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. मॅडमनी कुलूप काढलं. मला हाक मारली.

"सांग हिला, इथं कसं आहे ते. आणि फोन घे हिचा."

मी हात पुढं केला. पोरगी फोन माझ्या हातावर ठेवायला वाकली आणि तिनं नाक मुरडलं. लगेच ओशाळली. पण मला कळलं. माझ्या हाताला वास येत होता. फिनेलचा आणि गुवाचा. साबणानं न जाणारा. तोच हात मी तिला आत ओढायला पुढं केला होता. मला माझी शिसारी आली.

मी हात मागं घेतला.

"फोन दिऊ नगंस," मी म्हणाले. "आधार बी दिऊ नगंस."

"काय बडबडतेस?" मॅडम.

मी तिच्या बापाकडं वळले. "मामा, हिला माघारी न्या. हितं कोंडून ठिवत्यात. उष्टं खायला घालत्यात. घरी बोलू देत न्हाईत. आमाला कवाचं घरी सोडलं न्हाई."

कोरेगावची बाई हसली. "आवं, येडी हाय ती. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

पोरीच्या बापानं माझ्याकडं बघितलं. मग कुलपाकडं बघितलं. म्हणाला, "येडी हाय तर मग आजारी मान्सांची सेवा करायला ठिवलीया कशाला? जाऊ द्या की तिला भाईर."

मॅडमनी माझा दंड धरला. पोरीच्या बापानं गेटच्या फटीत पाय रोवला. "हात सोडा तिचा."

मी जिवाच्या आकांतानं शबानाला हाक मारली. ती कुणाला तरी अंघोळ घालत होती. साबणाच्या हातांनीच पळत आली. आम्ही अनवाणी बाहेर पडलो.

पोरीचा बाप आम्हाला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथं हवालदारानं विचारलं, "मारलं का? बांधून ठेवलं होतं का? मग कसली तक्रार?" तेवढ्यात मॅडम गाडीतून आल्या. त्यांना खुर्ची आली. चहा आला. आम्ही उभ्या.

"मी ह्यांना घरच्यासारखं सांभाळलं हो," त्या म्हणाल्या.

"घरच्या लेकीच्या तोंडात बोटं घालता का?" मी विचारलं. "मोजे घालून?"

आम्ही तिथून हललो नाही. पोरीचा बापही हलला नाही. शेवटी एक महिला फौजदार आली. तिनं आधी आम्हाला बसवलं, मग लिहून घेतलं.

केस कोर्टात उभी राहिली, पण वृद्धाश्रम बंद झालेला नाही. पाटी बदलली, एवढंच. मुली आनंदात होत्या, असा जबाब साहेबांनी दिलाय. कोरेगावची बाई दुसऱ्या कुठल्या तरी खोऱ्यात फिरत असेल.

मी आता साताऱ्यात एका दवाखान्यात वॉर्डात काम करते. माझं आधार माझ्या पर्समध्ये असतं. सुट्टीला शबाना आणि मी वाड्या-वस्त्यांवर जातो. आयांना एकत्र बसवतो. सांगतो, पोरगी कामाला पाठवायची तर आधी आपण जाऊन बघा. ती झोपणार कुठं ते बघा. फोन काढून घेतला तर त्याच पावली माघारी आणा. काही जणी ऐकतात. काही जणी म्हणतात, गावाची बदनामी करू नगा.

मागच्या महिन्यात मॅडमकडचा एक माणूस आमच्या घरी येऊन गेला. आईला म्हणाला, "मिटवून टाका. पोरीचं लग्न व्हायचंय अजून. कोर्टात नाव फिरतंय." आई रडली.

मी मिटवणार नाही. त्यांचा वकील पुढची तारीख मागतो, मी पुढच्या तारखेला जाते. अजून मागंल, मी अजून जाईन. नाही जमलं लग्न तर राहू दे. बघायला येणाऱ्या माणसांना चहाच्या आधी मीच सांगणार आहे. माझी केस चालू आहे. मी ती मागं घेणार नाही.