दुखायचं थांबलं तेव्हा

फक्रुद्दीन मुलाण्याचा हात कोल्हापुरात नावाजलेला होता, आणि जीभ त्याहून. बकऱ्याची छाती उघडली की फुप्फुस, म्हणजे त्याच्या भाषेत फोपसं, तळहातावर घेऊन तो गिऱ्हाइकाची शिकवणी घ्यायचा. "बघा पावणं, ह्येच्यावर कांद्याच्या पापुद्र्यावानी पडदा हाय. दुसरा पडदा बरगड्यांला आतनं चिकटल्याला. मधी नुसती वल. म्हणून श्वासाला फोपसं सरासरा घसरतंय. मधी पाणी निघालं तर जनावर रोगी. मी इकत न्हाय." दीडशहाणा म्हणून लोक हसायचे, पण मटण त्याच्याकडूनच न्यायचे.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोच्या, चाँदबीच्या, उजव्या कुशीत कळ धरली. श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी अंग तापायचं.

"उसण भरल्या," फक्रुद्दीननं निकाल दिला. उसणीला आपल्याकडं डॉक्टर कोण दाखवतो? त्याला पायाळू माणूस लागतं, पायांकडून जन्मलेलं. शेजारची बयाबाई तशी होती. तिनं तीन सकाळी पालथ्या पडलेल्या चाँदबीच्या पाठीवर लाथ टेकवली. आठवड्यात कळ गेली. साफ गेली!

फक्रुद्दीननं बयाबाईला खण दिला, वर अर्धा किलो कलेजी, आणि पेठभर टिमकी वाजवली. इकडं चाँदबीला घागर उचलवेना. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

"दुखतंय का?" तो रोज विचारायचा.

"न्हाय वं. दम लागतोय तेवढा."

"दुखत न्हाय तर दम कशाचा? नखरं करू नगंस!" गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा मेला. आपल्या शहाणपणावर त्याचा भारी विश्वास.

शेवटी थोरल्या दवाखान्यात नेली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी पाठीत सुई घालून तांब्याभर पिवळसर पाणी काढलं.

"पडदे सुजून एकमेकांवर घासत होते, तोवर दुखत होतं," ते म्हणाले. "मध्ये पाणी भरलं, पडदे लांब झाले, घासायचे थांबले. म्हणून दुखणं गेलं. पण पाण्यानं फुप्फुस दाबलं. अहो, दम लागला तेव्हाच आणायचं होतं."

दोन पडदे, मधली वल, मधलं पाणी, सगळं फक्रुद्दीनला पाठ होतं. चौथ्या दिवशी चाँदबी गेली.

पुढं पंधरा वर्षं त्यानं बकरी कापली, पण शिकवणी बंद. एकदा आकाराम नावाचं नवं गिऱ्हाईक हटून बसलं, "मामा, तुमी पडद्याचं लई झ्याक सांगताय म्हणं. सांगा की."

फक्रुद्दीननं फोपसं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"जनावराला तोंड न्हाय, म्हणून त्येची छाती फाडून बघत हुतो," तो म्हणाला. "बायकू तोंडानं सांगत हुती. तिला गप बशीवली."

आणि त्यानं मटण कागदात बांधून दिलं.