परतीचा आहेर

माझा धाकटा भाऊ अमेरिकेचं परराष्ट्र धोरण बदलायला निघाला होता आणि त्यासाठी त्याला सोलापुरी चादरी हव्या होत्या.

तिथल्या भारतीयांच्या एका संघटनेत तो पदाधिकारी. शेजारच्या देशाला अमेरिकेनं शस्त्रं विकू नयेत म्हणून ही मंडळी तिथल्या खासदारांचे उंबरे झिजवत. या कामात मुरलेली दुसऱ्या एका समाजाची संघटना त्यांना हाताशी धरून शिकवायची, कुणाला कधी गाठायचं, कुणाच्या निवडणुकीला हातभार लावायचा, कुणाला काय भेट द्यायची. फोनवर हे सांगताना भाऊ रंगून जायचा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, पण देशाची धोरणं अशीही ठरतात हे मला त्याच्याकडूनच कळलं.

आईला मात्र ते एका झटक्यात समजलं. "म्हंजे आहेरच की," ती म्हणाली. सोलापूरकडच्या मैंदर्गी गावची ती. दिलेला आहेर परत फिरतोच आणि घेणारा मिंधा होतोच, हा तिचा कायदा. तेव्हा तिच्या किडन्या थकल्या होत्या. तरी दुकानात माझा खांदा धरून उभी राहिली आणि चादरी तिनंच निवडल्या. भडक लाल बाजूला सारून मोठ्या माणसांना शोभेल असा मोरपंखी रंग काढायला लावला.

पार्सल गेलं आणि तिचं वाट पाहणं सुरू झालं. डॉक्टर मला म्हणाले होते, मुलाला बोलावून घ्या. मी भावाला तसंच्या तसं सांगितलं. "अक्का, शस्त्रविक्रीवरचं मतदान तोंडावर आलंय," तो म्हणाला, "तेवढं होऊ दे, लगेच निघतो." मतदान पुढं ढकललं. मग पुन्हा ढकललं.

आईला वाटे, तिथले साहेब लोकच त्याला सोडत नाहीत. फोन कानाला लावून ती सांगायची, "त्यास्नी म्हणावं, म्हातारीनं चादरी दिल्यात. आठ दिस लेकाला सोडा. आहेर घेतलाय की, न्हाई कसं म्हणतील?"

तिकडं भाऊ नुसता हं हं करायचा. त्याला कुणीच धरून ठेवलं नव्हतं. माझा जीव तुटायचा आणि त्याचा असा संताप यायचा की फोन भिंतीवर आपटावा.

आई गेली. तो दहाव्यालाही पोचला नाही.

दुखवट्याला मामा रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी घेऊन आला. आई गेली की तिच्या माहेरच्यांनी ती टोपी मुलाच्या डोक्यावर ठेवायची असते.

"कुटं हाय पोरगं?" त्यानं विचारलं.

मी फोन लावून त्याच्यासमोर धरला. पडद्यावर भाऊ ओक्साबोक्शी रडत होता. "अक्का, खासदारांनी आपलं ऐकलं गं. सगळे आपल्या बाजूनं आले." मग मामाच्या हातातली टोपी त्याला दिसली आणि त्यानं तिथूनच डोकं पुढं वाकवलं.

मामाचे हात तसेच राहिले. त्यानं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणाच्या डोक्यावर ठेवू गं ही?"