पिठाच्या डब्यातला फोन

हिंगणघाटच्या बाजारात वांगी विकणाऱ्या वडनेरच्या मावशींनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. मी काय दिवे लावले होते, ते नंतर.

नववीतून शाळा सोडून मी नंदुरबारहून इथल्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये आलो. फोन हप्त्यावर घेतला. खोलीतल्या जाणत्यांनी मंत्र दिला: पगार जमा झाला की त्याच दिवशी सगळा काढायचा, बँकेच्या हाती काही लागू द्यायचं नाही. केवढी ती अक्कल! बँक हप्ता कापायला यायची तेव्हा खातं रिकामं; वर दंड. मेसेज वाजला की माझ्या छातीत धडधड. जेवण जाईना, झोप लागेना. शेवटी फोन बंद करून पिठाच्या डब्यात पुरला. आता मुकादम पाळीवर बोलावतो ते फोनवरच. तीन पाळ्या बुडाल्या. चौथी बुडाली तर येऊ नको, म्हणाला.

त्याच सुमारास एक साहेब मिलमध्ये व्याख्यान देऊन गेले. दीर्घ श्वास घ्या, मन शांत ठेवा, पैसा आपोआप टिकतो. घेतला श्वास. नाकात रुई गेली.

मावशींकडे पावभर वांगी घेताना सुट्टे पैसे हातातून सांडले.

"काऊन रे, पैसे काऊन सांडून राह्यला? पिऊन आला काय?"

सगळं सांगितलं. त्या हसल्याच. "मेसेज चावते काय तुले? आण तो फोन. इथं बसून वाच, मले आयकू दे."

खोलीवरून फोन आणला, पीठ झटकून चालू केला आणि पोत्यावर बसून मेसेज मोठ्याने वाचले. बहुतेक जाहिराती. बँकेचे फक्त चार: दोन हप्ते, दोन दंड. सगळं मिळून माझी आठ दिवसांची मजुरी. एवढ्यासाठी मी शहाणा दोन महिने जागा!

"एवढ्याले भिऊन काम घालवून राह्यला होता? बँकेपासून लपते म्हणे! बँक का तुही सासू हाय?"

शेजारणीला दुकान पाहायला सांगून त्या माझ्याबरोबर बँकेत आल्या. खिडकीपाशी त्याच बोलल्या. कमी पडले ते कमरेच्या पिशवीतून काढून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाचा फोन आला, पहिल्याच घंटेला उचलला.

धडधड अजून होते. पण पगाराच्या दिवशी आधी मावशींच्या पोत्यावर बसून मेसेज वाचतो, हप्त्यापुरते खात्यात ठेवतो, मग बाकीचे काढतो. खोलीतले जाणते हसतात. हप्त्याच्या तारखेला त्यांचे फोन अजून बंद असतात.

मावशी उन्हात डोक्यावर फाटकी चादर ओढून बसतात. त्यांचे पैसे तर देईनच. पण एक दिवस मोठी छत्री आणून त्यांच्या ढिगापाशी रोवून देईन. हप्त्यावर नाही, रोख.