जावळानंतरचं हेल्मेट

माझ्या नातवाच्या डोक्याचा घेर जावळाआधी बावन्न सेंटिमीटर होता आणि जावळानंतर साडेएकोणपन्नास. हे दोन आकडे मला पाठ आहेत. धुळ्याच्या ज्या घरात त्यांची गरज होती तिथं ते कुणालाच नको होते. मधला अडीच सेंटिमीटरचा फरक केसांचा. मी जळगावात पाइपच्या कारखान्यात तपासणीला आहे. पाइप आणि त्याच्यावर बसणारा जोड यांच्यात एवढी फट निघाली तर आम्ही तो माल गेटबाहेर जाऊ देत नाही.

मुलगी धुळ्याला देवपुरात दिली आहे. घरात तिचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, सासू म्हणजे अक्का, जावई आणि हा नातू. माणसं वाईट नाहीत, हे आधीच लिहून ठेवतो. मुलीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. पण त्या घरात मुलीच्या बापानं कुठं बसायचं आणि किती बोलायचं हे ठरलेलं आहे, आणि ते मला लग्नाच्या मांडवातच समजलं होतं.

नातू तीन वर्षांचा झाला तेव्हा मुलीचा फोन आला. आबांनी त्याच्यासाठी बाजारातून पायानं ढकलायची तीन चाकांची स्कूटर आणली होती. तिच्या आधी त्याच्याकडे प्लास्टिकची बसायची गाडी होती, दोन्ही पाय जमिनीला टेकणारी. तिच्यावरून तो हॉलमधून स्वयंपाकघरात जायचा. तिनं विचारलं, "नाना, याला हेल्मेट केव्हापासून घालायचं? गाडीवर घातलं नाही. स्कूटरवर घालायचं का? की सायकल आल्यावर?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. मला असे प्रश्न आवडतात. बसायच्या गाडीवरून मूल पडलं तर डोकं फरशीपासून फार वर नसतं आणि वेगही नसतो. स्कूटरवर ते उभं असतं, एक पाय हवेत आणि दोन्ही हात दांड्यावर. पडताना हात सोडून टेकवायचे असतात हे त्या वयात सुचत नाही, डोकंच आधी जातं. म्हणजे रेघ तिथं ओढता येत होती. पण मग मला आमचं गेट आठवलं. गेटवर नियम असा की दुचाकीवर हेल्मेट नसेल तर आत सोडत नाहीत. साहेब असो, पाहुणा असो, शेजारच्या शेडमधून दोन मिनिटांसाठी आलेला असो. हा नियम चालतो, कारण तिथं कुणी किती वेग होता असं विचारत बसत नाही. मी मुलीला फोन करून सांगितलं, "ज्याला चाक आहे आणि ज्यावर पोर चढतं, त्या प्रत्येकावर हेल्मेट. घरात, अंगणात, सगळीकडे. पहिल्या दिवसापासून. म्हणजे त्याला ते चपलेसारखं वाटेल."

तिनं हे घरात सांगितलं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा आबा वाटच पाहत होते. ते रंगात आले की अहिराणीत बोलतात.

"नाना, चाक शे म्हनून हेल्मेट?"

"हो."

"मंग खाटवरबी घाला. रातले पडी गया तर?"

जावई हसले. मीही हसलो. हसावंच लागतं.

"आम्हीबी पडनूत नाना. काय व्हयनं आमले? बठ्ठा पोरे असाच वाढनात."

बठ्ठा पोरे, म्हणजे सगळी पोरं. पण जी वाढली तीच आपल्याला दिसतात. जी वाढली नाहीत ती ओट्यावर बसून गप्पा मारायला येत नाहीत. हे मी बोललो नाही. एवढंच म्हणालो, "हेल्मेट मी आणतो. तुम्हाला काही करायचं नाही." त्यावर आबा म्हणाले, "तुमचं हेल्मेट गेटसाठी आहे. आम्हाला काय माहीत नाही? गेट ओलांडलं की हातात अडकवता." आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांविषयी हे खरं आहे. माझ्याविषयी नाही. पण सांगून काय उपयोग होता.

बोलणं झाल्यावर आबा नातवाला घेऊन दूध आणायला निघाले. मोटारसायकलच्या टाकीवर त्याला पुढे बसवलं, दोघांचीही डोकी उघडी.

हेल्मेट आणायचं तर माप हवं, आणि मापाला केस आड येत होते. नातवाचं जावळ व्हायचं होतं. त्यांच्याकडे ते पोराला तीन वर्षं झाल्यावर, गावच्या कुलदेवीला जाऊन काढतात. तोवर जन्मापासूनच्या केसांना कात्री लावायची नाही. केस दाट आणि कुरळे, आणि अक्का ते वर ओढून टाळूवर बुचडा बांधायच्या. त्या बुचड्यावर कोणतंच हेल्मेट बसलं नसतं, नारळावर वाटी ठेवल्यासारखं डुगडुगलं असतं. मी मुलीला दोन वेण्या मानेवर घालायला सांगितल्या. मग टेप लावला. बावन्न.

दुकानात मुलांची दोन मापं होती. एक पन्नासपर्यंत, दुसरं त्याच्या पुढचं. मी दुसरं घेतलं. जावळ दोन-तीन महिन्यांवर होतं आणि त्यानंतर ते सैल पडणार हे मला घेतानाच दिसत होतं. त्यासाठी डब्यात स्पंजच्या जाड गाद्यांचं एक वेगळं पाकीट असतं. पातळ गाद्या काढून जाड लावल्या की फट भरते. मी पाकिटावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘जावळानंतर लावायच्या’. मुलीला दाखवलं, जावयांना दाखवलं.

ते दोन-तीन महिने बरे गेले. नातवाला हेल्मेट आवडलं होतं. लाल होतं. तो ते घालून जेवायला बसायचा.

जावळ माघात झालं. देवळासमोर मामाच्या मांडीवर भाचा बसला, म्हणजे माझा मुलगा सुट्टी काढून आला होता. न्हाव्यानं वस्तरा चालवला, आत्यानं पदरात केस झेलले. पोरानं रडून आकाश डोक्यावर घेतलं. मग त्या तुळतुळीत डोक्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि मामानं आणलेली टोपी चढवली. टोपी कपाळावरून घसरून नाकावर आली. सगळे हसले. टोपी शिंप्यानं जुन्या मापानं शिवली होती.

त्या हसण्यात मला मात्र हेल्मेट दिसलं. वरणबट्टीच्या पंगती उठल्यावर, पोर पेंगत असताना मी खिशातून टेप काढला. साडेएकोणपन्नास. अक्का बघत होत्या. व्याह्यांना त्या याही म्हणतात. म्हणाल्या, "याही, आज तरी राहू द्या." मी जावयांना बाजूला घेतलं. "टोपीचं झालं तेच हेल्मेटचं होणार. घरी गेल्यावर आधी जाड गाद्या लावा. तोवर स्कूटर देऊ नका."

"करतो नाना," ते म्हणाले.

आबांनी ऐकलं होतं. "डोकं शे ते नाना, पाइप नही." पंगतीतली माणसं पुन्हा हसली. मी जळगावला आल्यावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली, "हो नाना, बघते." तिच्या आवाजावरून कुणीतरी जवळ बसलं आहे एवढं कळत होतं.

चैत्रात नातू पडला. त्यांच्या पोर्चपासून फाटकापर्यंत गाडीसाठी उतार केलेला आहे, आणि फाटक सरकायला जमिनीत लोखंडी पन्हळ आहे. उतारावरून तो आला आणि स्कूटरचं पुढचं चाक पन्हळीत अडकलं. डोक्यावर हेल्मेट होतं. पण ते खाली येता येताच मागे सरकलं होतं, आणि कपाळ उघडं पडलं होतं. कपाळ फाटकाच्या खांबावर गेलं. मागे गेलेल्या हेल्मेटनं पट्टा वर ओढला आणि तो गळ्यात रुतला. कपाळाला टाके पडले, गळ्यावर निळा वळ उठला. डॉक्टरांनी रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सकाळी धोका नाही म्हणून सोडलं.

आम्ही दोघं नवरा-बायको सकाळच्या पहिल्या बसनं निघालो. एरंडोल, पारोळा, कुठं काय आलं ते कळलं नाही. घरात शिरलो तेव्हा अक्का दारातच म्हणाल्या, "हेल्मेटनंच गळा धरला पोऱ्याचा. नसतं घातलं तर खरचटलं असतं फक्त." माझी बायको तिथंच रडू लागली. मी चपला काढल्या आणि विचारलं, "हेल्मेट कुठं आहे?"

आबा खाटेवर नातवाजवळ बसले होते. रात्रभर झोपलेले नव्हते, डोळे लाल होते. "नाना, आधी पोऱ्या देखा. मंग टेप काढा."

ते बरोबर बोलले. मी आधी पोर पाहिलं. कपाळावर पट्टी, गळ्यावर वळ, झोपेत तोंड उघडं. मग कोपऱ्यात पडलेलं हेल्मेट उचलून आत बोटं घातली. पातळ गाद्याच होत्या. पट्टाही वेण्या होत्या तेव्हाच्या मापावर होता.

जाड गाद्या मला दुपारी सापडल्या. ऊन वाढलं तसा जावयांनी हॉलमधला कूलर लावला. तो खिडकीत बसवला होता आणि खडखड करत नव्हता. खडखडू नये म्हणून कूलर आणि चौकट यांच्या फटीत काळा स्पंज कोंबला होता, आणि त्याच्यावर दुमडलेलं पाकीट. माझं अक्षर उलटं दिसत होतं, ‘जावळानंतर’.

मुलीनं माझी नजर कुठं गेली ते पाहिलं होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, मी पाणी प्यायला म्हणून तिच्या मागे गेलो.

"तुला माहीत होतं?"

"मी पाकीट शोधलं नाना. अक्का म्हणाल्या, कामाला लागलं. मी म्हटलं, ते हेल्मेटचं होतं. त्या म्हणाल्या, हेल्मेटला गाद्या आहेत की."

"मग मला का नाही सांगितलंस? मी दुसऱ्या पाठवल्या असत्या."

"तुम्ही यांना फोन केला असता. ते आबांना बोलले असते. मग तुमच्या त्या फोनवर इथं आठवडाभर चाललं असतं." तिनं गॅस बारीक केला. "तुम्ही संध्याकाळी जळगावला जाता नाना. मी इथं राहते."

ती पुढे एवढंच म्हणाली, "आता काही बोलू नका. हात जोडते."

चहा घेताना आबांनी निर्णय सांगितला. ती वस्तू पुन्हा पोराच्या डोक्यावर चढणार नाही. स्कूटरबद्दल कुणी काही म्हटलं नाही. स्कूटर त्यांनी आणलेली होती आणि पोराला आवडत होती. हॉलमध्ये एकट्या माझ्याकडे या प्रकाराचं गणित होतं, आणि खडखड न करणाऱ्या कूलरच्या गार वाऱ्यात मी ते गिळून बसलो. हेल्मेटनं इजा केली नाही, सैल हेल्मेटनं केली, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते माझ्या तोंडून निघालं असतं तर भोगायचं तिला होतं.

नंतर एकदा गेलो तेव्हा ते लाल हेल्मेट स्वयंपाकघराच्या खिडकीत उलटं टांगलेलं दिसलं. अक्कांनी त्यात लसूण ठेवला होता. "भोकं आहेत ना त्याला," त्या मला अगदी सरळ मनानं म्हणाल्या, "हवा लागते, लसूण सडत नाही." बाहेर उतारावर नातू स्कूटर खेळत होता. बोटभर वाढलेले केस आणि त्यांच्या खाली कपाळावर पांढरट रेघ. आबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते आणि तो खाली आला की हातानं अडवत होते. तेवढी काळजी ते घेत होते. खुर्चीत ते नसतील तेव्हा कोण अडवणार, हे मी विचारलं नाही.

मे महिन्यात मुलगी त्याला घेऊन जळगावला आली. मी आधीच लहान मापाचं हेल्मेट आणून ठेवलं होतं, निळं. लाल मुद्दाम घेतलं नाही. पहिल्या दिवशी त्यानं ते पाहून दोन्ही हात गळ्याशी नेले. मी जबरदस्ती केली नाही. माझं स्वतःचं हेल्मेट घालून त्याच्यासमोर बसलो आणि माझ्या पट्ट्यात त्याची बोटं घालून दाखवली, किती जातात ते. मग त्याच्या पट्ट्यात त्यानं स्वतःची घातली. तिसऱ्या-चौथ्या सकाळी आम्ही मेहरूण तलावाच्या रस्त्याला लागलो. शेजाऱ्यांची स्कूटर मागून आणली होती. तो पुढे, मी आणि मुलगी मागे. एकदा पडला, उठला, हेल्मेट चाचपून पाहिलं आणि पुन्हा चढला.

परत येताना म्हणाला, "नाना, हे जळगावचं आहे ना?"

"तुझं आहे."

"नाही. जळगावला घालतात. धुळ्याला नाही घालत." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. नानाच्या घरी चपला बाहेर काढतात, आबांच्या घरी आत चालतात, तसं सांगितलं. मुलीनं मला विचारलं होतं, केव्हापासून घालायचं. त्याचं उत्तर त्यानं स्वतःच लावून घेतलं होतं, केव्हापासून नाही, कुठं.

मी मुलीकडे पाहिलं. ती घरी जाऊन भरायच्या बॅगेचं काहीतरी बोलू लागली.

जावई मोटार घेऊन न्यायला आले तेव्हा निळं हेल्मेट मी पिशवीत घातलं होतं. नातवानं ते काढून माझ्या हातात दिलं. "इथंच राहू द्या नाना. तिकडे त्यात लसूण ठेवतात." जावयांनी मोटारीची डिकी उघडून पुन्हा लावली. मुलगी खाली बघत होती.

ते बसायच्या आधी मी टेप काढला. नातवानं सवयीनं मान ताठ केली. केस वाढले होते. बरोबर पन्नास. गाडी गेल्यावर मी निळ्या हेल्मेटचा पट्टा तेवढाच सैल केला आणि ते माझ्या हेल्मेटशेजारच्या खुंटीला अडकवलं. दिवाळीला येतील तेव्हा पुन्हा मोजावं लागेल.