झेंडूचा हार आणि दुधाचा टेम्पो

आमच्या सुनेच्या गाडीनं एकदा करकचून ब्रेक मारला आणि अख्ख्या जिल्ह्याला कंठ फुटला. त्याला आता वर्ष होत आलं, तरी आठवलं की माझं डोकं अजून तापतं. गाडीवर राग नाही, ती बिचारी मुकी. राग आहे तो माणसांवर, आणि त्यातही पहिला नंबर आमच्या ह्यांचा.

सून वारणानगरला कॉलेजात शिकवते. लग्न होऊन आली तेव्हापासून एसटीनं जायची. सकाळी उजाडायला स्टँड गाठायचं, वाठारला उतरायचं, पुढं मिळेल त्या वाहनात अंग चोरून बसायचं. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायचंसुद्धा त्राण नसायचं. मुलगा पुण्याला नोकरीला, तो शनिवार-रविवारचा पाहुणा. शेवटी तिनं स्वतःच्या पगारावर कर्ज काढलं आणि इलेक्ट्रिक गाडी घेतली. कुणाची परवानगी मागितली नाही. मला तर मनातून गुदगुल्या झाल्या, कारण मी आयुष्यभर साधी लुना घ्यायची म्हटली तरी घरात सभा भरायची.

रात्री अंगणात वायर जोडायची, सकाळी गाडी तयार. त्या गाडीला समोर बघायला काचेवर आरशापाशी कॅमेरा आणि पुढं तोंडाशी कसलासा सेन्सर आहे. पुढं काही आडवं आलं की चालवणाऱ्याच्या आधी गाडीच ब्रेक मारते. मी म्हटलं, झकास, आपल्याकडं म्हशीपासून पावण्यापर्यंत काय पण आडवं येतं.

ह्यांना मात्र ती गाडी अजिबात मान्य नव्हती. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि व्हॉट्सॲपच्या नोकरीला लागले. तालमीचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप, भावकीचा ग्रुप. कुणी पेटलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ टाकला की हे तो सुनेला जेवतानाच दाखवणार. तिचा घास हातात तसाच. पण गाडी दारात आली, आणि आठवडा गेला नाही तोच ह्यांचा सूर पालटला. तालमीतल्या दोस्तांना गाडीत कोंबून रंकाळ्याला फेऱ्या सुरू झाल्या. "आवाज येतोय काय बघा," म्हणून प्रत्येकाला कान लावायला लावायचे. माणूस तोच, गाडी तीच, बोलणं दुसरं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि ह्यांच्या अंगात तर त्या दिवशी भटजीच संचारतो. पहाटेच गाडी धुतली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. काचेवर वरच्या बाजूला, आरशाच्या बरोबर पुढं, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. आणि गाडीच्या तोंडावर झेंडूचा हार बांधला, तो असा जाड की नंबरप्लेट शोधावी लागावी. मी म्हटलं, अहो गाडी आहे, नवरदेव नाही. तर म्हणे, तुला काय कळतंय. पुन्हा ह्यांच्या घराण्याचा नियम असा, की हा हार हातानं काढायचा नाही. आपणहून गळेपर्यंत तसाच ठेवायचा. बैलगाडीच्या काळापासून चालत आलेला नियम. बैल काही कॅमेऱ्यातून बघत नव्हते, हे कुणी सांगायचं?

सुनेला गाडीच्या पडद्यावर पिवळी खूण दिसली. तिनं ह्यांना विचारलंसुद्धा. हे म्हणाले, नवीन गाडी हाय, काय तर दाखवणारच. आणि पोरगी गप बसली, कारण सासऱ्यानं सणाच्या दिवशी हौसेनं केलेलं.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती कॉलेजला निघाली. वाठारला हायवे सोडून आत वळलं की एक चहाची टपरी आहे. तिथं रस्ता मोकळा होता, समोर चिटपाखरू नव्हतं, आणि गाडीनं आपणहून ब्रेक मारला. मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्यानं ऐनवेळी गाडी बाजूच्या चरीत घातली म्हणून सगळे वाचले. कुणाला खरचटलंही नाही, पण कॅन उलटले आणि रस्ताभर दूध झालं. टेम्पोवाला भला माणूस. त्यानंच सुनेला बसवून पाणी पाजलं. दुधाचं काय ते तिनं तिथल्या तिथं भरून दिलं आणि विषय मिटला.

रस्त्यावर मिटला. टपरीवर बसलेल्या कुणा रिकामटेकड्यानं तोवर मोबाइल काढला होता. व्हिडिओत काय, तर हार घातलेली गाडी, मागं दुधाचं तळं आणि मध्ये डोक्याला हात लावून उभी असलेली आमची सून. वर मथळा दिला, 'बाई आणि बॅटरी'. दुपारपर्यंत तो शिरोळला माझ्या बहिणीकडं पोचला, संध्याकाळी कबनूरच्या व्याह्यांकडं, आणि रात्री पुण्यात मुलाच्या ऑफिसात.

पुढचा तमाशा काय सांगू. पेट्रोलवाले म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. बॅटरीवाले म्हणाले, पेट्रोलवाल्यांनी पैसे देऊन व्हिडिओ काढलाय. एकजण म्हणाला गाडी आपली आपण चालते म्हणजे उद्या ड्रायव्हर लोकांच्या पोटावर पाय. दुसऱ्यानं परदेशातल्या कुठल्या तरी श्रीमंताला शिव्या घातल्या, ज्याचा आमच्या गाडीशी काडीचा संबंध नाही. तिसरा त्या श्रीमंताच्या बाजूनं असा तुटून पडला जसा काही ह्याच्या मुंजीला तो येऊन गेलाय. ह्यातला एकही माणूस वाठारला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत, की बाईच्या हातात गाडी दिली हीच चूक. काहींनी जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. सुनेनं ते सगळं वाचलं, एकूण एक.

तिनं किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि पुन्हा एसटी धरली. मुलाचा फोन आला, गाडी विकून टाक, कटकट नको. कॉलेजात पोरं मागून ब्रेकचा आवाज काढायची. एसटीत एका बाईनं तिला ओळखून शेजारणीला कोपरानं ढोसलं. दिवाळीच्या तोंडावर एकदा पोळ्या लाटता लाटता ती मला म्हणाली की नोकरीच सोडावी म्हणते. उलथनं माझ्या हातातच राहिलं. इतक्या वर्षांचं तिचं शिकवणं, उभ्यानं केलेला तो प्रवास, स्वतःच्या पैशानं घेतलेली गाडी, आणि हे सगळं एका टपरीवरच्या मोबाइलपायी सोडायचं? मला रडू आलं आणि संतापही आला, आणि रडताना संतापलं की माझं नाक गळतं, म्हणून मी घरामागं परड्यात निघून गेले.

आणि आमचे हे काय करत होते? लढत होते. कंपनीवर खटला भरला पाहिजे, सॉफ्टवेअर परदेशातलं आहे, हायवेवरच्या विजेच्या तारांमुळं बॅटरी भडकते, मोर्चा काढू या, असे लांबच्या लांब मजकूर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आपण सुनेसाठी रणांगणात उतरलोय अशी ह्यांची समजूत. त्यापायी ह्यांचा चहा रोज गार व्हायचा आणि मी तो रोज गरम करायचे.

एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर सून गाडीपाशी होती. हार वाळून अर्धा लोंबत होता. तिनं तो सोडवून ओट्यावर ठेवला, ओल्या फडक्यानं स्वस्तिक पुसलं आणि आत बसून गाडी चालू केली. मग नुसतीच बसून राहिली. मी बाहेर गेले. पडद्यावरची पिवळी खूण गेली होती. तिला दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांतच शंका आली होती, एवढं ती म्हणाली, आज खात्री करून घेतली. मी विचारलं, मग इतके दिवस शिव्या का खात बसलीस?

"आई, बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांनी हौसेनं केलं होतं."

माझं डोकंच फिरलं. इकडं सासरा सुनेसाठी गावाशी भांडतोय, तिकडं सून सासऱ्यासाठी गावाच्या शिव्या खातेय, आणि दोघं एका छपराखाली. मी तो हार उचलला आणि तडक पडवीत गेले. हे मोर्चाचा मजकूर लिहीत होते. मी मोबाइल हातातून काढून घेतला आणि त्यांना गाडीपाशी आणून उभं केलं. हार पुढं धरला, देवघरातलं कुंकू ओल्या हाताला लावून आरशापुढच्या काचेवर दाबलं. सुनेनं नको नको म्हणत गाडी चालू केली. थोड्या वेळानं पिवळी खूण आली. हार बाजूला केला, काच पुसली, खूण गेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

ह्यांनी काच पुन्हा एकदा पुसून बघितली. हार हातात घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, लिहा आता. सगळ्या ग्रुपवर लिहा. तर जो माणूस बसल्या बैठकीला पानभर लिहायचा, त्याला दोन ओळी सुचेनात. एक दिवस गेला, दुसरा गेला. म्हणे, देवाचं केलेलं चुकलं असं कसं लिहायचं. मी म्हटलं, देव काय म्हणाला होता काय, कॅमेऱ्यावरच काढ म्हणून? तरी मोबाइल उचलेनात. मग मात्र मी आवाज चढवला.

"तुमच्या हारापायी पोरगी नोकरी सोडाय निघालीय. तुमचं नाक मोठं का तिचं जगणं?"

त्या संध्याकाळी ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली, वाळका हार हातात घेऊन गाडीपुढं उभे राहिले आणि मला मोबाइल धरायला लावला. पहिल्या वेळेला खाकरले, दुसऱ्या वेळेला विसरले. तिसऱ्यांदा नीट बोलले. "हार मी बांधलता. गाडीचा डोळा मी झाकला. पोरीची कायबी चूक न्हाय." एवढंच. सगळ्या ग्रुपवर टाकलं आणि मोबाइल पुढ्यात ठेवून बसले.

काय झालं असेल? काहीही नाही. भावकीतल्या दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकानं विचारलं, कंपनीनं किती दिले. तालमीच्या ग्रुपवर एकजण धर्म बुडवला म्हणून चिडला. कॉलनीच्या ग्रुपवर त्याच्याखाली लगेच कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस सुरू झाला. 'बाई आणि बॅटरी' मात्र दुसऱ्या दिवशी परत फिरून आलाच. हे बराच वेळ मोबाइलकडं बघत होते, आणि पहिल्यांदाच मला त्यांची दया आली. सुनेनं ह्यांचा व्हिडिओ स्वयंपाकघरात उभ्यानं बघितला. पुन्हा एकदा बघितला. मग आलं ठेचून चहा केला आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवला. तो त्यांनी गरम असतानाच प्यायला.

सकाळी खिळ्यावर किल्ली नव्हती. मी धावतच बाहेर गेले आणि मलाही तिकडं काम आहे असं खोटं सांगून शेजारी बसले.  वाठारला आत वळलो, टपरी आली. बाकड्यावरच्यांनी गाडी ओळखली होती. एकानं मोबाइल वर केला, मग दुसऱ्यानं.

तिनं गाडी हळू केली, बरोबर त्याच जागी आणून थांबवली आणि काच खाली घेतली.

"घ्या काढून," ती म्हणाली. "आज मी थांबवलीय."

मोबाइल खाली गेले. टपरीवाल्यानं नजर चुकवत विचारलं, मॅडम, चहा घेणार काय. आम्ही दोघींनी गाडीत बसूनच चहा घेतला, पैसे दिले आणि निघालो. ती कॉलेजात वेळेवर पोचली. मी घरी आल्यावर कितीतरी दिवस ह्यांना रोज विचारायचे, सगळे ग्रुप बघा, आमचा चहा पितानाचा व्हिडिओ कुणी टाकलाय काय. अजून कुणी टाकलेला नाही.