वाकवलेली फांदी

आमच्या शेजारच्या सुमतीबाईंच्या घरात देवघर नाही. कुंपणाला लागून जास्वंद मात्र आहे, आणि रोज सकाळी त्या उठायच्या आत मी तिची फुलं तोडते. देवासाठी घेतलेल्या फुलांना चोरी म्हणत नाहीत, असं लहानपणापासून ऐकत आलेय.

आज पाहिलं, तर उंचावरची फांदी कुणीतरी सुतळीने खाली ओढून कुंपणाला बांधली होती. मी परडी पदराआड घेतली, तेवढ्यात सुमतीबाई खिडकीतून म्हणाल्या, "परवा टाचा उंच करून तोडत होतात. पडलाबिडलात तर, म्हणून बांधलीय."

"रोज बघता?"

"बघते की. घ्या तुम्ही. मला कुठे पूजा करायचीय."

घरी आले ती धुमसतच. माझे सोमवार, माझ्या चतुर्थ्या कधी चुकल्या नाहीत. तरी माझ्या तगरीला कुणी हात लावला, तर मी गल्ली डोक्यावर घेते. या बाईंना पुण्य नको, वरून कुणी बघतंय असंही त्या मानत नाहीत. आणि चांगुलपणा असा, घरात नेसायच्या जुन्या साडीसारखा सहज अंगावर. माझा कपाटात घडी घालून ठेवलेला असतो, सणावारी निघतो. जळफळाट झाला नुसता.

मग देवाला तीच लाल फुलं वाहिली, हात जोडले. पण डोळे मिटता मिटेनात. देव जर फुलांवरून घर ओळखत असेल, तर इतकी वर्षं माझी पूजा कुंपणापलीकडेच पोचतेय.